बादलीवरचा शहाणा

आज चौथा दिवस, उजवा खांदा अजून वर जात नाही. शर्ट घालायचा तर आधी उजवी बाही, मग एक छोटीशी हाय, मग डावी. पन्नाशी उलटलेल्या एका पिवळ्या बर्फगाडीमुळे हे झालं, असं मी घरी सांगितलंय. ते खोटं आहे. गाडी बिचारी गुपचूप उभी होती. हे झालं एका म्हाताऱ्यामुळे आणि त्याच्या कोटाच्या खिशामुळे.

जुनी स्नोमोबाइल घ्यायची, दुरुस्त करायची आणि बर्फ पडला की चालवायची, असं मी ठरवलं होतं. का ठरवलं, हे मला घरात तीन जणांनी विचारलं आणि तिघांनाही मी वेगवेगळी उत्तरं दिली. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, पण ते हप्त्याहप्त्यानं कळतं.

कुठली घ्यायची, हा खरा घोळ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत शंभरावर कंपन्या या गाड्या बनवत होत्या. १९७१ साली एकट्या त्या भागात पाच लाखांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या. ज्याच्याकडे पत्रा वाकवायचं मशीन होतं, तो बर्फगाडी काढत होता. ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरनंही हिरव्या रंगाच्या काढल्या. मग तेल महागलं, दोन-चार हिवाळे कोरडे गेले आणि बहुतेकांनी दुकानं बंद केली. म्हणजे आज जुन्या गाड्यांच्या बाजारात जे दिसतं, त्यातलं निम्मं अनाथ आहे. कंपनी गेली, तिचे कागद गेले, सुटे भाग गेले. उरली ती बॉनेटवरची झोकदार अक्षरं.

आणि मी प्रेमात पडलो ते या अनाथांच्याच. त्यातही वांकेलच्या. आर्क्टिक कॅट या कंपनीच्या 'पँथर' नावाच्या काही गाड्यांना जर्मन वांकेल इंजिन बसवलेलं होतं. त्यात पिस्टन वरखाली होत नाही, तिकोनी रोटर गरगर फिरतो. ऐकायलाच किती छान! दोन आठवडे मी जेवताना वांकेल, अंघोळीत वांकेल. मग एका समजूतदार मेकॅनिकनं एकच प्रश्न विचारला, "रोटरची सील गेली तर कुठून आणणार?" मी त्या प्रश्नावर रात्रभर झोपलो नाही आणि सकाळी वांकेल सोडलं.

म्हणजे निकष तोच निघाला जो शहाणी माणसं पहिल्याच दिवशी लावतात: जिचे भाग मिळतात ती घ्यायची. पिस्टन, रिंगा, कार्ब्युरेटरचे पडदे, क्लचचा बेल्ट आणि मुख्य म्हणजे ट्रॅक, गाडीखाली फिरणारा रबरी पट्टा. बाकी सगळं ठोकून-ठाकून बनवता येतं, ट्रॅक घरी बनवता येत नाही. दाखवायला घ्यायची असेल तर दुर्मिळ घ्या आणि चादर घालून ठेवा. चालवायची असेल तर जी खंडीनं विकली गेली, तीच बरी. अशा रीतीनं मी आलो स्की-डूच्या 'ऑलिंपिक' नावाच्या गाडीवर, साधारण १९७० ची, एकाच सिलिंडरचं रोटॅक्स इंजिन. क्यूबेकमधल्या वाल्कूर गावच्या जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए यांनी १९५९ मध्ये पहिली स्की-डू बाजारात आणली. नाव ठेवायचं होतं 'स्की-डॉग', शिकाऱ्यांच्या कुत्र्यांच्या जागी वापरायची म्हणून. पण कुणाच्या तरी हातून इंग्रजी नावातलं शेवटचं अक्षर चुकलं आणि तेच कायम झालं, असं सांगतात. एका अक्षराच्या चुकीवर जगभर नाव झालं. माझ्या चुका मात्र कुणी अशा सांभाळून घेत नाही.

असो. तर गाडीचा पत्ता मिळाला, मी गेलो.

मालकीणबाई साध्या होत्या. "शेडमध्ये आहे, बघून घ्या, आवडली तर सांगा," म्हणाल्या आणि आत गेल्या. शेडमध्ये गाडी होती आणि गाडीशेजारी उलट्या बादलीवर एक आजोबा बसले होते. मला वाटलं, मालकीणबाईंचे वडील असतील. मी वाकून नमस्कारच करायचा बाकी होतो. नंतर कळलं, ते शेजारी. त्या गाडीशी, त्या शेडशी, त्या घराशी आजोबांचा काडीचा संबंध नव्हता. त्या बादलीशी होता की नाही, ते मला आजही माहीत नाही.

"घेणार?" आजोबांनी विचारलं.

"बघतोय."

"बघतात सगळेच."

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. माणूस जुनी गाडी बघताना जशी मारतो तशी, हात मागे बांधून, मधूनच 'हं' करत. बॉनेटचं फायबर एका कोपऱ्यात तडकलेलं होतं. सीट फाटलेली, आतल्या फोममध्ये उंदरांनी दोन-तीन पिढ्या संसार केलेला. पण पिवळा रंग जागच्या जागी होता. माझं मन विरघळलं.

"ट्रॅक बघितलास?"

"हो. चांगला दिसतोय."

"चांगला दिसतोय," आजोबा माझ्याच आवाजात म्हणाले. "आत हात घातलास? रबरात आडव्या पोलादी सळ्या असतात. तुटली असेल तर बोटाला लागेल."

मी हात घातला. सळी बोटाला लागली. रक्त आलं.

"एक तुटलीय," आजोबा समाधानानं म्हणाले. "मला माहीत होतं."

मग खालच्या चाकांवर प्रवचन झालं. या गाडीला बोगी चाकं आहेत, छोट्या चाकांच्या जोड्या, त्यांना स्प्रिंगा. नंतरच्या गाड्यांना घसरपट्टीसारखे रूळ आले, त्यावर प्लास्टिकची पट्टी. रूळवाली गाडी मऊ चालते, पण खाली बर्फ कमी असला की ती पट्टी तापते, वितळते. बर्फच तिला थंड ठेवतो आणि तेलाचंही काम करतो. बोगीला असले लाड लागत नाहीत, ती उघड्या जमिनीवरूनही खडखडत जाईल. "कंबर जाईल तुझी," आजोबा म्हणाले, "पण गाडी जाणार नाही." हे मला पटलं. इथपर्यंत मला आजोबा आवडतही होते. माणूस तिरसट आहे, पण जाणकार आहे, असं मी मनात म्हणालो. आपण लोकांबद्दल फार लवकर चांगलं मत करून घेतो.

"चालू होते का?" मी विचारलं.

"दोरी आहे ना समोर. ओढून बघ."

मी टाकीत घरून आणलेलं ताजं मिश्रण ओतलं. या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल कालवून द्यावं लागतं. चोक लावला, पाय रोवला आणि दोरी ओढली. फस्स.

पुन्हा ओढली. फस्स.

दोरी इतकी हलकी येत होती की मला कौतुकच वाटलं. पन्नास वर्षांचं इंजिन आणि किती सहज फिरतंय! मी तसं बोलूनही दाखवलं, "एकदम मोकळं आहे हो इंजिन." आजोबांनी मान हलवली. एवढ्या गंभीरपणे की मला ती शाबासकी वाटली.

दहा झाले. पंधरा झाले. मी चोक काढला. मी चोक परत लावला. "पेट्रोल येत नसेल," मी म्हणालो. "शक्य आहे," आजोबा म्हणाले. विसाव्या ओढीनंतर मी कोट काढला. पंचविसाव्या ओढीला हात बदलला, त्यानं काही साधलं नाही, म्हणून परत उजवा. तिसाच्या सुमारास आजोबा म्हणाले, "१९६८ च्या एप्रिलमध्ये एक विमा एजंट स्की-डूवर बसून उत्तर ध्रुवावर पोचला. राल्फ प्लेस्टेड नाव. विमा विकायचा मिनेसोटात." मी धापा टाकत म्हणालो, "वाचलंय." ते म्हणाले, "तू निदान शेडच्या दारापर्यंत ने."

चाळिसाव्या ओढीला मी गाडीच्या सीटवर बसलो, उंदरांच्या घरावर. खांद्यातून कळ येत होती.

"दोरी हलकी का येते, विचारलंस का स्वतःला?" आजोबा म्हणाले.

"मोकळं आहे इंजिन…"

"मोकळंच आहे." आणि त्यांनी कोटाच्या खिशात हात घालून स्पार्क प्लग काढला. बोटांत धरून उजेडात फिरवला, रत्नपारखी खडा फिरवतो तसा. "हा नसला की मोकळंच असतं."

इंजिनाच्या पत्र्याच्या आवरणाखाली प्लगचं टोपण नुसतं भोकावर टेकवून ठेवलेलं होतं. वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी. कोंडलेली हवाच नाही, तर दोरीला जोर लागणार कुठून? चाळीस वेळा मी त्या भोकातून शेडमध्ये पेट्रोलची वाफ सोडली होती. फस्स फस्स हा आवाजही ओरडून तेच सांगत होता. मी त्याला इंजिनाचा श्वास समजलो.

"पण तुम्ही काढून का ठेवलात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, हे कबूल.

"बघायला. ज्याला दोरी हलकी लागलेली कळत नाही, त्याच्या हाती गाडी गेली तर पहिल्याच हिवाळ्यात पिस्टन जाळेल. क्रँकचं सील गळतं, हवा जास्त ओढली जाते, इंजिन कोरडं चालतं, आणि मालक म्हणतो, वा, आज गाडी काय जोरात पळतेय! पळते पाच मिनिटं." त्यांनी प्लग परत खिशात टाकला. "तीन वर्षांत सात जण येऊन गेले."

"आणि सातही जणांना तुम्ही दोरी ओढायला लावली?"

"एकानं दुसऱ्याच ओढीला थांबून टोपण उचललं. पण त्याला गाडी नव्हती घ्यायची. त्याला फक्त बॉनेट हवं होतं."

आता मला सांगा, हे काय आहे? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अक्षर न् अक्षर खरं होतं. म्हणूनच जास्त राग येतो. माणूस चुकीचा असता तर भांडता आलं असतं. पण जे एका वाक्यात सांगता येतं ते दुसऱ्याचा खांदा निखळेपर्यंत खिशात ठेवायचं, याला काय म्हणायचं? कुठल्याही छंदात पाऊल टाका, दाराशी एक बादली असते आणि तिच्यावर कुणीतरी बसलेलं असतं. कॅमेरा असो, कबुतरं असोत की जुने रेडिओ. आधी परीक्षा, मग नापास, मग मान हलवणं. आणि हेच लोक पुन्हा रडतात की नवी मंडळी या वाटेला येत नाहीत, जुनी यंत्रं शेडमध्ये सडतायत. अहो, येतात ना! येतात, चाळीस वेळा दोरी ओढतात आणि घरी जाऊन बाम लावतात.

उंटावरचा शहाणा निदान वाड्याचा दरवाजा पाडायला सांगून निघून तरी जातो. बादलीवरचा जातच नाही.

मी गाडी घेतली. निव्वळ रागानं घेतली. मालकीणबाई आकड्यावर लगेच तयार झाल्या, त्यांना शेड रिकामी हवी होती. गाडी ट्रेलरवर चढवताना आजोबांनी मागून एका हातानं ढकलल्यासारखं केलं आणि स्की कुठं बांधायची, दोरीची गाठ कशी मारायची, यावर सहा सूचना दिल्या. मग परत बादलीवर जाऊन बसले.

अर्ध्या रस्त्यात आठवलं की प्लग त्यांच्याच खिशात राहिला.

प्लग काय, नवा मिळतो. मी त्याच संध्याकाळी आणला, बसवला, डाव्या हातानं दोरी ओढली. दोरी अर्ध्यावर अशी अडली की मनगट हिसकलं. कॉम्प्रेशन! गाडी काही चालू झाली नाही, कार्ब्युरेटरचे पडदे वाळून पापड झालेत, ते बदलायचेत. पण प्रश्न तत्त्वाचा होता. तो प्लग गाडीबरोबर माझ्या मालकीचा झाला होता. काल मी मालकीणबाईंना फोन केला.

"प्लग ना? थांबा, विचारते," त्या म्हणाल्या. "इथंच आहेत ते."

"इथंच म्हणजे?"

"शेडमध्ये. बसलेत बादलीवर."

"पण शेड तर रिकामी आहे!"

"हो ना," त्या म्हणाल्या, आणि फोन कुणाच्या तरी हातात गेला. खोकला ऐकू आला.

"दोरी जड लागते का आता?"

"लागते," मी म्हणालो.

"कुठपर्यंत येऊन अडते?"

"अर्ध्यावर."

"हं," आजोबा म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "कोरडी चालवू नकोस," आणि फोन बंद.

प्लगचा विषय काढायचा राहूनच गेला.