संहितेची प्रत जोडावी

आज सकाळी नाटकांना अनुदान देणाऱ्या समितीचा ईमेल आला. दोन ओळींचा. आमचा प्रस्ताव 'अपूर्ण' ठरल्यामुळे विचारात घेता येणार नाही, कारण 'सादर करावयाच्या नाटकाची संपूर्ण संहिता जोडलेली नाही'.

मी एकवीस वर्षं इम्प्रोव्ह, म्हणजे आयत्या वेळी रचत जायचं नाटक, करतेय. आधी नटी म्हणून, गेली नऊ वर्षं दिग्दर्शक म्हणून. प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की या नाटकाला संहिता नसते, प्रेक्षक एक शब्द देतात आणि त्यातून तासाभराचा प्रयोग उभा राहतो. पहिल्याच ओळीत! ती ओळसुद्धा कोणी वाचली नाही. रकाना बघितला, रिकामा दिसला, फुली मारली.

फोन केला. पलीकडचे गृहस्थ अतिशय नम्र. म्हणाले, "मॅडम, मग तुम्ही जे बोलणार आहात ते अंदाजे लिहून द्या ना." अंदाजे! तुम्ही पुढच्या महिन्यात घरी कशावरून भांडणार आहात ते मला आज अंदाजे लिहून द्या, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. इथे लिहितेय, कारण इथे तरी सगळी आपली माणसं आहेत.

त्यांचा पुढचा प्रश्न, "पण संहिताच नसेल तर तालीम कसली करता?"

हा प्रश्न मला आजवर नातेवाइकांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. उत्तर द्यायचा कंटाळा आलाय, म्हणून एक प्रसंगच सांगते.

मी या धंद्यात येऊन तिसरं वर्ष होतं. प्रेक्षकांतून शब्द आला, 'वेटिंग रूम'. दोन खुर्च्या, मी आणि माझा जोडीदार. तो येऊन बसला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. बूट नव्हता, नाडीही नव्हती, आमच्याकडे कधीच काही नसतं. पण तो बूट त्याच्या पायात नव्हता. मांडीवर होता. आणि लहान होता. डाव्या तळव्यात अख्खा मावेल एवढा. त्याने नाडी ओढली, गाठ मारली, मनासारखी बसली नाही, सोडली, पुन्हा मारली. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, हा अडकला. याला काही सुचत नाहीये, सीन चाललाय हातातून, वाचवायला पाहिजे. मी म्हटलं, "अहो, पाय शेजारच्या खोलीत. इथे डोकं तपासतात!"

हॉल नुसता फुटला. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा. लाइटवाल्याने लगेच अंधार केला. त्याचं काही चुकलं नाही, हशावर तोडायचं हे त्याला शिकवलेलंच असतं.

विंगेत मी हवेत होते. मागच्या रांगेत बसलेले आमचे सर आत आले. शाबासकी नाही, राग नाही. एवढंच विचारलं, "बूट कोणाचा होता गं?"

मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

तर साहेब, तालीम याची करतो. बघायची. ऐकायची. तोंड बंद ठेवायची. लोकांना वाटतं इम्प्रोव्ह म्हणजे हजरजबाबीपणा. अहो, हजरजबाबीपणा हा आमच्याकडे येणाऱ्या नव्या पोरांचा आजार असतो, तो उतरवायला दोन-दोन वर्षं जातात. गेल्या आठवड्यात आम्ही दीड तास फक्त एक न दिसणारं दार उघडलं. आठ जणांनी. पहिल्याने कडी जिथे धरली तिथेच आठव्याच्या हाताला ती लागली पाहिजे. सहाव्याला ती चार बोटं वर लागली की पुन्हा पहिल्यापासून. ही तालीम. लिहून देऊ?

आणि ही कागदाची कटकट काही आजची नाही. इंग्लंडात १९६८ पर्यंत प्रत्येक नवीन नाटक आधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजूर करून आणावं लागे. न लिहिलेलं नाटक मंजूर कसं करणार? कीथ जॉनस्टन नावाच्या दिग्दर्शकाने साठच्या दशकात आपले नट घेऊन लोकांसमोर इम्प्रोव्ह सुरू केलं तेव्हा त्याला प्रयोग म्हणायची सोयच नव्हती. मग त्याला शिकवणीचा वर्ग म्हणायचं. प्रेक्षक आपले येऊन बसायचे, हसायचे, आणि नावाला चालला होता वर्ग. त्याआधी १९५८ मध्ये जोन लिटलवूड या दिग्दर्शिकेच्या मंडळींवर खटला होऊन दंड झाला होता, का, तर नट मंजूर संहितेबाहेरचं बोलले. गंमत म्हणजे जॉनस्टन लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये लागला तो आलेल्या संहिता वाचण्याच्या कामावर! ढिगांनी कागद वाचल्यावर माणूस बिनकागदाच्या नाटकाकडे वळला, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

हां, आता एक कबूल करते. वाईट इम्प्रोव्ह बघण्याइतकी मोठी शिक्षा नाही. वाईट लिहिलेल्या नाटकात निदान पुढे काहीतरी घडेल अशी आशा असते. आणि समितीला पैसे द्यायचे तर हातात काहीतरी लागणार, हेही कळतं मला. पण म्हणून जे नसतंच तेच मागायचं? येऊन बघा की एकदा. मागच्या रांगेत बसा. आमचे सर बसायचे तसे.

करिअर, करिअर म्हणतात ना, ते या धंद्यात कसं असतं सांगू? पहिली पाच-सात वर्षं दुसरी नोकरी. प्रयोगाचे पैसे हॉलच्या भाड्यात. नंतर कार्यशाळा. कंपन्यांना 'टीमवर्क' शिकवा, डॉक्टरांना पेशंटचं ऐकून घ्यायला शिकवा, लाजऱ्या मुलांना बोलतं करा. पोट त्याच्यावर. मी याला नावं ठेवत नाही, मुळात इम्प्रोव्हचे खेळ सुरूच तिथून झाले. व्हायोला स्पोलिन या नाट्यशिक्षिकाबाईंनी शिकागोमध्ये स्थलांतरितांच्या मुलांसाठी बांधले ते. पण तुमचं नाव कधी होतं? तुम्ही हे सोडलंत की. माइक निकोल्स १९५५ साली सुरू झालेल्या कंपास प्लेअर्स या इम्प्रोव्ह मंडळीत एलेन मे या नटीबरोबर रोज रात्री हवेतून माणसं उभी करायचा. जगाला तो माहीत आहे ऑस्कर मिळवलेला चित्रपट दिग्दर्शक म्हणून. त्या रात्री कुठे गेल्या? कुठे जोडायच्या?

(स्पोलिनबाई आज सगळ्यांना माहीत आहेत त्या १९६३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं म्हणून. म्हणजे पुन्हा कागदच. कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून मीच लिहून टाकते.)

आमच्यातल्या आमच्यातही हे भांडण आहे. शिकागोच्या सेकंड सिटी या नाट्यसंस्थेत १९५९ पासून पद्धत अशी की इम्प्रोव्हमधून जे चांगलं निघेल ते घासूनपुसून पक्कं करायचं आणि तेच रोज करायचं. इम्प्रोव्ह म्हणजे विहीर, शो म्हणजे हंडा. डेल क्लोज नावाचा विक्षिप्त दिग्दर्शक आयुष्यभर उलट सांगत राहिला की विहीर हीच कला आहे. एका शब्दावरून सुरू होऊन धागे सोडत, पुन्हा पकडत जाणारा लांब प्रयोग त्याने उभा केला, त्याचं नाव हॅरॉल्ड. १९९९ मध्ये गेला. जाताना इच्छा काय, तर आपली कवटी शिकागोच्या गुडमन थिएटरला द्यावी, हॅम्लेटच्या हातातल्या कवटीचं काम करायला. जन्मभर संहितेशिवाय जगलेला माणूस शेवटी शेक्सपिअरच्या संहितेत भूमिका मागून गेला! कवटी समारंभाने दिली गेली. काही वर्षांनी उघड झालं, ती त्याची नव्हतीच. विकत आणलेली होती. म्हणजे मेल्यावरसुद्धा या माणसाने इम्प्रोव्हच केलं. हे आठवलं की मला राग धरून ठेवता येत नाही, आत्तासुद्धा टाइप करताना हसतेय.

पण परत येऊ.

दिग्दर्शक म्हणून मी काय करते, हेही त्या गृहस्थांनी विचारलं होतं. वाक्यं तुमची नाहीत, हालचाली ठरलेल्या नाहीत, मग दिग्दर्शन कशाचं? खरं सांगायचं तर बहुतेक वेळ मी काहीच करत नाही, आणि ते फार अवघड असतं. लाइटवाल्याच्या शेजारी बसते. सीन कुठे तोडायचा, कुठे तोडायचा नाही, एवढंच. हशा आला की त्याचं बोट बटणाकडे जातं आणि मी त्याच्या मनगटावर हात ठेवते. थांब. अजून थोडं. कधीकधी त्या हशाच्या मागे, हसू ओसरल्यावर, जे दोन सेकंद येतात ना, त्यात खरं काहीतरी सुरू होतं. आमच्या वेटिंग रूमला ते दोन सेकंद मिळाले नाहीत.

आमच्या ग्रुपमध्ये 'बूट कोणाचा?' ही आता म्हणच झालीय. कोणी स्वस्तातला विनोद मारला की दुसरा विंगेतून पुटपुटतो, "बूट कोणाचा?" पोरांना हे कुठून आलं ते माहीतसुद्धा नाही. मी सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितेय, तेही संतापाच्या भरात.

सर चार वर्षांपूर्वी गेले. बातमी चार ओळींची. त्यांच्या नावावर एकही नाटक नाही, एकही पुस्तक नाही, प्रयोगांचं रेकॉर्डिंग ते करू द्यायचे नाहीत. 'ज्येष्ठ नाट्यशिक्षक' एवढंच. बातमी लिहिणाऱ्याला तरी काय दोष द्यायचा, त्याला काही सापडलंच नसेल. मी तेव्हा फार चिडले होते. आता मात्र वाटतं, सरांना चाललं असतं. मला चालत नाही, हा माझा प्रश्न.

दुपारी, खूप वर्षांनी, जोडीदाराला फोन केला. त्याने हे सगळं सोडून बारा वर्षं झाली. वेगळी नोकरी, वेगळी माणसं. ईमेलचं सांगितलं, तो पोट धरून हसला. मग मी विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, लाज वाटायची. म्हटलं, "ती वेटिंग रूम आठवते का रे? बूट कोणाचा होता?"

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "अगं, मला कुठे माहीत होतं? तू सांगशील म्हणून तर गाठ सोडून पुन्हा बांधत बसलो होतो."

मला काही बोलताच येईना. तोही थांबला. पूर्वी थांबायचा तसाच, मुळीच घाई न करता.

मग म्हणाला, "पण ते डोक्याचं वाक्य भारी होतं हं. मला अंधारात हसू आवरत नव्हतं."