डॉट इन कुणी पुसू शकतं का?

मास्तरांनी विषय काढला तो नायरा एनर्जीवरून. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने कंपनीवर निर्बंध घातले, आणि मायक्रोसॉफ्टने तिला दिलेल्या सेवा थांबवल्या. तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत, कर्मचारी आपले, आणि मेल बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा सुरू झाल्या.

"आज एक कंपनी गेली. उद्या अख्खं डॉट इन गेलं तर कुठल्या कोर्टात जाणार?" मास्तर तावातावाने म्हणाले. तलावपाळीवर संध्याकाळची गर्दी होती, तरी शेजारच्या कट्ट्यावरच्यांनी वळून पाहिलं.

ताई बँकेत नेटवर्क सांभाळते. ती म्हणाली, "मास्तर, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मायक्रोसॉफ्टची सेवा हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा माल. डॉट इन जिथे नोंदलेलं असतं तो रूट ही एक यादी आहे. डॉट कॉम, डॉट इन, डॉट भारत अशी हजारावर नावं, आणि प्रत्येकासमोर त्याचे सर्व्हर कुठे सापडतील तो पत्ता. बाकी त्यात काही नाही."

"आणि यादी कुणाकडे?"

"ठरवते आयकॅन, कॅलिफोर्नियात नोंदलेली ना-नफा संस्था. फाइल बनवते व्हेरिसाइन. रूट सर्व्हर चालवून ती जगाला पुरवतात बारा संस्था."

"त्या बारांत अमेरिकेच्या किती?"

ताई थांबली. "नऊ. उरलेल्या तीन स्वीडन, नेदरलँड्स आणि जपानच्या."

"आणि त्या नवात नासा आहे, अमेरिकेचं संरक्षण खातं आहे, त्यांच्या लष्कराची प्रयोगशाळा आहे. भारताची एकही नाही. एवढे आपले लोक इंटरनेटवर आणि या यादीपाशी आपलं कुणी नाही!" मास्तरांचा आवाज चढला. मला त्यांचा राग पटतो. बारा जागा ठरल्या तेव्हा इंटरनेट बहुतांशी अमेरिकी विद्यापीठं आणि सरकारी प्रयोगशाळांचं होतं. ते दिवस गेले, जागा तशाच राहिल्या.

मग उपाय काय, यावर खरी जुंपली. मास्तरांचं म्हणणं, संयुक्त राष्ट्रांकडे द्या, एक देश एक मत. भारताने 2011 मध्ये महासभेत सरकारांच्या समितीचा प्रस्ताव मांडलाच होता. आमच्यातला वकील म्हणाला, "हो, आणि 2015 मध्ये आपणच भूमिका बदलली. सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, नागरिक सगळ्यांनी मिळून चालवावं, याला आपला पाठिंबा आहे असं सांगितलं. ते बरोबर केलं."

"का बरोबर?"

"कारण सरकारांच्या हाती बंद करायचं बटण दिलं की ते दाबलं जातं. काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये नेट गेलं आणि फोरजी परत यायला फेब्रुवारी 2021 उजाडला. अनिश्चित काळासाठी नेट बंद ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मधेच, जानेवारी 2020 मध्ये सांगितलं होतं. हे आपल्या घरातलं. आता अशी दीडशेहून अधिक सरकारं यादीभोवती बसवा."

मी इथे बोललो, कारण मला या वादात सगळ्यात मोलाचं वाटतं ते 2022 मधलं एक उत्तर. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि चारच दिवसांनी युक्रेनने आयकॅनला पत्र लिहिलं, रशियाचं डॉट आरयू रद्द करा. मागणाऱ्यांच्या शहरांवर तेव्हा बॉम्ब पडत होते, सहानुभूती सगळ्या जगाची होती. तरी आयकॅनने नकार दिला. आम्ही कुणाची बाजू घेऊन नावं काढत नाही, असं सांगितलं. मला तो नकार योग्य वाटतो, कारण एकदा रशियाचं नाव काढलं की पुढच्या भांडणात इराणचं, मग आणखी कुणाचं, आणि कधीतरी आपलंही.

"पण तो नकार पाळला जाईल याची हमी काय?" वकिलानेच मला अडवलं. "इराकचं डॉट आयक्यू आठव. टेक्सासमधली एक कंपनी ते सांभाळायची. कंपनीच्या लोकांना 2002 मध्ये अटक झाली आणि इराकच्या हाती ते यायला 2005 उजाडलं. पुढे इराणविरुद्ध निकाल मिळालेल्या, दहशतवादी हल्ल्यांतल्या काही पीडित कुटुंबांनी इराणचं डॉट आयआर जप्त करून द्या म्हणून अमेरिकी कोर्टात धाव घेतली. 2016 मध्ये अपील कोर्टाने नाकारलं. पण निर्णय अमेरिकी कोर्टाचाच ना? आयकॅनशी असलेला अमेरिकी सरकारचा करार 2016 मध्ये संपला, कायदा राहिलाच."

ताईने मग जॉन पोस्टेल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाची गोष्ट काढली. यादी कितीतरी वर्षं तोच बघायचा. जानेवारी 1998 मध्ये त्याने आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना मेल पाठवला, यापुढे यादी माझ्याकडून घ्या. त्यांनी घेतली. व्हाइट हाउस हादरलं आणि काही दिवसांत त्याला ते मागे घ्यावं लागलं. "म्हणजे बघा, मास्तर. यादी चालते ती चालवणाऱ्यांनी मानली म्हणून. कुणी आपलं नाव पुसलं तर आमच्या बँकेने जुनी यादी वापरायला तांत्रिकदृष्ट्या काही हरकत नाही. पुसलं तरी ठिकठिकाणच्या सर्व्हरांत जुनी उत्तरं दोन दिवस साठलेली असतात."

"दोन दिवसांत देश काय करणार?"

"तयारी असेल तर पुष्कळ. नसेल तर यूपीआय बंद पडलेलं बघत बसणार."

मास्तर यावर लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "संयुक्त राष्ट्रं राहू दे. पण बारात एक जागा मला हवी."

ती मिळवायची कशी, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण संस्था बदलायची किंवा वाढवायची ठरलेली पद्धत बारा जागा ठरल्या तेव्हापासून नव्हती. सर्व्हर चालवणाऱ्यांच्याच समितीने 2018 मध्ये तशी पद्धत बसवायचा प्रस्ताव मांडला. ताईचं म्हणणं, जोर लावायचा तो तिथे. वकिलाला आधी हवंय निर्बंध आणि जप्तीपासून यादीला कायदेशीर संरक्षण, तेही अमेरिकी संसदेकडून लिखित. मला दोन्ही हवंय, आणि वकिलाचं आधी, कारण जागा मिळाली तरी कायदा कॅलिफोर्नियातच राहणार. मास्तरांना हा क्रम मान्य नाही. चहा परत सांगितला.