बॉनमचा आवाज ऐकाच

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडवरचा 'बिकमिंग लेड झेपेलिन' हा माहितीपट रेंगाळतो, असं त्यावरच्या लेखात म्हटलंय. मला तर गाणी मध्येच न तोडता वाजू दिलीत हेच सगळ्यात आवडलं! १९८० मध्ये गेलेला ड्रमर जॉन बॉनम याची जुनी मुलाखत ऐकताना बँडमधल्या उरलेल्या तिघांचे, म्हणजे गिटारवादक जिमी पेज, बासवादक जॉन पॉल जोन्स आणि गायक रॉबर्ट प्लांट यांचे चेहरे बघा. पेज आणि जोन्स मुळात लंडनच्या स्टुडिओंत इतरांसाठी वाजवून तयार झालेले, म्हणून तर १९६८ मध्ये पहिला अल्बम साधारण ३६ तासांत उरकला, तोही पेजच्या खिशातून. खटकलं एकच. अमेरिकेतल्या ज्या कृष्णवर्णीय ब्लूज संगीतकारांकडून बँडने एवढं उचललं, त्यांच्या श्रेयाचा वाद शिताफीने टाळलाय. त्यांच्यातल्याच विली डिक्सन या गीतकाराला त्यासाठी कोर्टात जावं लागलं होतं. शिवाय गोष्ट १९७० लाच थांबते, त्यामुळे पेज-प्लांटनी १९७२ मध्ये मुंबईच्या वादकांबरोबर केलेलं रेकॉर्डिंग राहिलंच. दुसरा भाग काढा म्हणावं!