ओलाव्याच्या आकड्याने कोणाची शांतता भंगते?

आज पानठेल्यावर टीव्ही सुरू होता. कोटवाला एक जण बोंबलत होता, सोशल मीडियाला लगाम घालाच! अन् आपलीच पोरं माना डोलवत होती. टाळकं सरकलं. लांब होईल, वाचायचं तर वाचा.

मागे पुतण्या सोयाबीन घेऊन खरेदी केंद्रावर गेला. रात्र ट्रॉलीवरच काढली. सकाळी मशीनवर ओलावा आला साडेतेरा टक्के, मर्यादा बाराची. माल परत. पोरगा अडून बसला. त्याच ढिगातली दुसरी मूठ टाकायला लावली, तर साडेअकरा! त्याने दोन्ही आकड्यांचा व्हिडिओ घेतला अन् एक शिवी न देता गावच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी ठाण्यातून फोन. "बाबू, डिलीट करून टाक. कायले लफड्यात पडतं?" कोणतं कलम, विचारलं तर म्हणे शांतता भंगते.

कलमाचं तर बोलूच नका. 2012 मध्ये पालघरला एका पोरीने बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. ते आयटी कायद्याचं 66अ कलम सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवणं सुरूच, 2021 मध्ये कोर्टानेच कपाळाला हात लावला. मग 2023 मध्ये नवीन नियम आला. सरकारच्या कारभाराबद्दलची ऑनलाइन माहिती खोटी आहे का, ते सरकारचंच युनिट ठरवणार. म्हणजे मशीन त्यांचं, आकडाही त्यांचाच! मुंबई हायकोर्टात दोन न्यायमूर्तींचं जमलं नाही, तिसऱ्यांनी सप्टेंबर 2024 मध्ये तो नियम उडवला. ते तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर साहेब नागपुरात वकिली केलेले, हे आपलं उगाच सांगतो.

हो, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा ठाऊक आहे मले. 2018 मध्ये पोरं पळवणारी टोळी म्हणून अफवा फिरली अन् भिक्षा मागून खाणारे पाच जण ठेचून मारले. तशा मेसेजवाल्याला उचलाच, कोण नाही म्हणतं?

पण उचलतात कोणाला? टीव्हीवाले रोज रात्री विष ओकतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्यांचीच संस्था, 2023 मध्ये दंड होता फार तर एक लाख. एवढ्याने काय होतं, असं तेव्हा सुप्रीम कोर्टच म्हणालं. अन् आमच्या पोराला त्याच संध्याकाळी फोन!

फोन करणारे जमादार तसे वाईट नाहीत. त्यांच्याही घरी सोयाबीन आहे, त्यांनाही कोणीतरी वरून सांगितलं असणार. हळूच म्हणाले, "मले समजते रे बाबू." त्यांच्यावर राग नाही माझा. पण पोराने व्हिडिओ डिलीट केला तो केलाच. तेव्हापासून कुठे काही दिसलं तरी फोन खिशातून काढत नाही.

अन् आपले अ‍ॅडमिन भाऊ! त्याच रात्री ग्रुपला कुलूप, फक्त अ‍ॅडमिनच लिहिणार. आता तिथे गुड मॉर्निंगची फुलं अन् नेत्यांचे वाढदिवस तेवढे येतात. अहो, आपल्या गोंदियाच्याच केसमध्ये नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे, अ‍ॅडमिनची मिलीभगत नसेल तर मेंबरने टाकलेल्या मेसेजसाठी त्याला धरता येत नाही. निकाल पाहिजे तर पाठवतो. भाऊ, सेटिंग बदला, तूर निघायच्या आत. व्हिडिओ माझ्याजवळ आहे, कुलूप उघडलं की मीच टाकतो.