जन्मठेप सात वर्षांत सुटते? कोण सांगतं भो!

खुनाची बातमी आली की चाळीसगावपासून शहाद्यापर्यंतच्या ग्रुपांवर तोच जुना मेसेज फिरायला लागतो: ‘जन्मठेप म्हणजे 14 वर्षं. जेलात दिवस न् रात्र वेगळी मोजतात, म्हणजे झाली 7. मधे मधे पॅरोल, ताटात बिर्याणी. जामीन झाला की केस संपली. कायदा फक्त गरिबांना.’ शेवटच्या वाक्याकडे नंतर येतो. बाकीची सपशेल खोटी आहेत.

आधी ते 14. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 1961 सालीच हे सांगून टाकलंय. माफीचे दिवस धरून आपली 20 वर्षं भरली, आता सोडा, असं त्याचं म्हणणं होतं. सरकारने उरलेली शिक्षा माफ केल्याशिवाय जन्मठेपेचा कैदी आपोआप सुटत नाही, असं सांगून कोर्टाने अर्ज फेटाळला. मग 14 आले कुठून? फौजदारी प्रक्रिया संहितेत 1978 साली घातलेल्या कलम 433-अ मधून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप लागलेल्याला प्रत्यक्ष 14 वर्षं आत काढल्याशिवाय सोडायचंच नाही, असं ते कलम म्हणतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच 475 झालं. म्हणजे कमीत कमी 14. लोकांनी त्याचं जास्तीत जास्त करून टाकलं. 14 भरले तरी सुटका हक्काची नाही. फाईल सरकारकडे जाते, अभिप्राय मागवले जातात, आणि गुन्ह्याच्या गटाप्रमाणे काहींचा विचार 20 वर्षांच्या पुढेच होतो.

दिवस-रात्र वेगळी मोजायची भानगड कुठल्याही नियमात नाही. चोवीस तासांचा एकच दिवस. चांगली वागणूक आणि नेमून दिलेलं काम यासाठी महाराष्ट्राच्या 1962 च्या तुरुंग माफी नियमांनुसार माफीचे दिवस मिळतात, पण वरच्या 14 वर्षांत ते धरत नाहीत. गैरसमजाला आणखी एक कारण आहे. खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. अडीच वर्षं आत सडलेल्याला तीन वर्षांची शिक्षा लागली की तो सहा महिन्यांत बाहेर दिसतो. पारावर चर्चा होते, ‘सहा महिन्यांत सुटला!’

पॅरोलचं थोडक्यात. महाराष्ट्रात रजा दोन: संचित, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन, म्हणजे पॅरोल. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे नाही. तेवढे नंतर भरून द्यावे लागतात. दोन्ही रजा शिक्षा झालेल्यांसाठीच, कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याला, नाहीत.

बिर्याणीचा उगम तर आपल्या जळगावच्याच माणसाच्या तोंडून झालाय. कसाबने मटण बिर्याणी मागितली ही गोष्ट आपण रचलेली होती, त्याच्याविषयी तयार होणारी सहानुभूती मोडायची म्हणून, असं त्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी 2015 मध्ये जयपूरला पत्रकारांना स्वतःच सांगितलं. ते सांगूनही आता दहा वर्षं उलटून गेली. बिर्याणी काही शिळी होत नाही.

आता जामीन. जामीन झाला म्हणजे माणूस निर्दोष ठरला नाही. खटला चालूच राहतो, तारखेला हजर राहावं लागतं, नाहीतर वॉरंट निघतं. शिवाय जामीन मंजूर होणं वेगळं आणि फाटकाबाहेर पाऊल पडणं वेगळं. पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला, वकिलाने अर्ज टाकला, साहेबांनी मंजूर केला. पुढे जामीनदार कुठून आणायचा? त्याचा सातबारा, आधार, फोटो, कधी तहसीलचा ऐपतदाखला. सातबाऱ्यावर इतर हक्कांत विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसला की तिथेच शंका निघते, आणि बिनबोज्याचा सातबारा आपल्याकडे किती जणांकडे आहे? नंदुरबारमधल्या अक्राणीच्या पाड्यावरच्या माणसाकडे तर वनपट्टा, जो विकता येत नाही. घरचे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत. गुन्हा जळगावचा, भाऊबंद नंदुरबारचे.

असाच मध्य प्रदेशातला एक गवंडी 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जामीनदार म्हणून उभा राहिलेला भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला, म्हणून मॅजिस्ट्रेटने नाकारलेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मॅजिस्ट्रेटची चांगलीच कानउघाडणी केली आणि 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, त्याला सोडायला लावलं. तरी परजिल्ह्यातला जामीनदार म्हटलं की आजही कपाळाला आठ्या पडतात.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते, त्यातले 4,34,302 कच्चे. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. मेसेजमधलं शेवटचं वाक्य खरं आहे ते इथे. पण मेसेज फिरवणारे ते ‘सगळेच सुटतात’ याचा पुरावा म्हणून वाचतात.

तुमच्या ओळखीतलं कोणी जामीन मंजूर होऊनही आत असेल, तर सात दिवसांनंतर त्याची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवणं हे कारागृह अधीक्षकाचं काम आहे. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिलाय. महिना उलटला तर कोर्ट जामिनाच्या अटी सैल करू शकतं. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर जामिनावर सोडायला सांगणारं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 लागू होतं; फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक केसेस त्यात बसत नाहीत. प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, आणि कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.