सँडफ्लायला बारका मच्छर समजू नका: चांदीपुरावाल्या फॉरवर्डचं काय काय चुकलंय

पावसाळा लागला की बडोद्यातल्या मराठी ग्रुप्सवर तो मेसेज परत फिरायला लागतो. गणपती मंडळाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, सगळीकडे तोच, वर लाल अलार्मची चित्रं आणि "आपल्या मुलांसाठी लगेच शेअर करा". ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो त्यात काय आहे ते: चांदीपुरा हा नवीन व्हायरस आहे आणि लॅबमधून सुटलाय, तो पसरवणारी सँडफ्लाय नावाची बारीक माशी साचलेल्या पाण्यात होते, कूलर रिकामे करा, धुराची गाडी बोलवा, मच्छरदाणी लावली की मूल सेफ, पक्क्या घरात, फ्लॅटमध्ये धोका नाही, आजारी मुलाजवळ बसल्यानं लागण होते म्हणून शाळा बंद ठेवा, आणि ह्यावर खास औषध नाही, लसही नाही, तेव्हा ताप आलाच तर दोन दिवस गुळवेलीचा काढा द्या, घाबरून हॉस्पिटलात पळू नका. खाली एका माशीचा मोठा केलेला फोटो.

पाठवणाऱ्या काका-काकूंचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यानं कोणी हे लिहिलंय त्यानं सँडफ्लायला मच्छराची धाकटी बहीण धरलंय आणि मग मच्छराचे सगळे उपाय तिला लावून टाकलेत.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर मेहनत वाया जाईल, ह्या चुकीनं मूल हातचं जाऊ शकतं. "दोन दिवस काढा देऊन बघा." अहो, चांदीपुरात दोन दिवस हाच तर सगळा खेळ असतो. अचानक जोरात ताप, उलट्या, कधी जुलाब, मग आकडी, मग मूल गुंगीत जातं, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि वाईट केसमध्ये लक्षणं दिसल्यापासून ४८ ते ७२ तासांत संपतं. २०२४ च्या साथीचे आकडे बघा: १ जून ते १५ ऑगस्ट ह्या अडीच महिन्यांत मेंदूज्वराच्या २४५ केसेस, त्यात ८२ मृत्यू, आणि तपासणीत चांदीपुरा पक्का झाला अशा ६४. त्या ६४ पैकी ६१ एकट्या गुजरातमधल्या, ३ राजस्थानातल्या. ह्याच्यावर खास औषध नाही, लसही नाही, हे मेसेजमधलं वाक्य खरं आहे, पण त्यातून "मग हॉस्पिटलात जाऊन काय उपयोग" हा अर्थ काढलाय तो साफ चुकीचा. आकडी थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, शुगर आणि श्वास सांभाळणं हे सगळं मुलांच्या आयसीयूतच होतं, घरी नाही. शिवाय ताप आणि आकडी म्हणजे चांदीपुराच असं थोडंच आहे, बॅक्टेरियाचा मेनिंजायटिस असू शकतो, डोक्यात गेलेला मलेरिया असू शकतो, आणि त्या दोन्हीवर औषधं आहेत, पण ती वेळेत सुरू झाली तर. तेव्हा तापात आकडी आली किंवा मूल सुस्त पडलं की रात्रीचे दोन वाजलेले असोत, सयाजी हॉस्पिटल किंवा मुलांचं आयसीयू असलेलं जवळचं जे असेल ते गाठायचं. गुळवेल कुंडीत राहू दे.

"नवीन व्हायरस, लॅबमधून सुटला." हा मुद्दा वाचून तर मला हसूच आलं, कारण चांदीपुरा आपल्या विदर्भातलं गाव आहे, नागपूरजवळचं. १९६५ साली तिथल्या दोन तापाच्या पेशंटच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा व्हायरस सापडला, त्या संस्थेला आज आपण एनआयव्ही, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी म्हणतो. ओडिशात मिसाईलच्या चाचण्या होतात ते चांदीपूर वेगळं, मेसेजवाल्यानं दोन्हींची खिचडी केलेली दिसते. पुढे २००३ मध्ये आंध्रात मोठी साथ आली, ३२९ मुलं आजारी आणि १८३ दगावली. २००४ मध्ये गुजरातच्याच पूर्वेकडच्या जिल्ह्यांत आली, तेव्हा आजारी पडलेल्यांतली पाऊणशे टक्क्यांहून जास्त मुलं वाचली नाहीत. वीस वर्षांपूर्वीच आपल्या दारात येऊन गेलेला आहे हा.

आता तो फोटो. बाथरूमच्या टाइल्सवर काळपट, केसाळ, बदामाच्या आकाराचे पंख पसरून बसलेला किडा असतो ना, मोरीजवळ हमखास दिसणारा, त्याचा फोटो लावलाय! ती ड्रेनफ्लाय. सँडफ्लायच्याच खानदानातली, पण चावत नाही, मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात वाढते, पाईप घासून गरम पाणी ओतलं की कमी होते. लोक तिलाच मारत बसतात आणि खरी डोळ्यांसमोरून निघून जाते. खरी सँडफ्लाय तिळाएवढी, दोन-तीन मिलिमीटरची, फिक्या मातकट रंगाची, मच्छराच्या साधारण एक तृतीयांश, आणि ओळखायची खूण म्हणजे बसलेली असताना पंख वर उभे धरते, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. गुणगुणत नाही. नीट उडतही नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते. बॅटरीचा उजेड तिरका टाकून भिंत बघितलीत तर दिसेल, समोरून मारलात तर नाही दिसणार.

"साचलेल्या पाण्यात होते." इथेच सगळ्यात मोठी गडबड आहे. मच्छराची अळी पाण्यात पोहते, सँडफ्लायची अळी मातीत राहते. मादी अंडी घालते ती ओलसर, अंधाऱ्या, कुजकं काहीतरी असलेल्या मातीत, म्हणजे शेणाच्या कडेला, गोठ्याच्या जमिनीत, पालापाचोळ्याखाली, उंदराच्या बिळात, घराच्या पायाच्या भेगेत जिथे वर्षानुवर्षं कचरा आणि ओल मुरलेली असते. अळी तेच कुजकं खाऊन वाढते, अंड्यापासून माशी व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो. तिला पाणी नको, दमट माती पाहिजे. म्हणून कूलर उपडा करून तिचं काही बिघडत नाही. (कूलर तरीही रिकामा करा हं, डेंगू आहेच, आणि लॅबमध्ये डेंगूवाल्या एडिस मच्छरातही चांदीपुराचा व्हायरस वाढतो असं दिसलंय. पण ते केलं म्हणजे सँडफ्लायचं काम झालं असं समजू नका.)

आपल्या जुन्या बडोद्यात कुठे बघायचं ते सांगतो. वाडी, रावपुरा, दांडिया बझारकडचे जुने वाडे आणि पोळीतली (पोळ म्हणजे अरुंद गल्लीतली जुनी वस्ती) घरं घ्या. भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग, जिथे ओल चढून चुना फुगलेला असतो, बोट लावलं की पोपडा निघतो आणि मागे विटांच्या सांध्यातली माती भुरभुरते, ती फट तिची दिवसाची झोपायची जागा. जिन्याखालची अडगळ, जिथे जुनी लाकडं आणि गोणपाटं ठेवलेली असतात, ती दुसरी. मागच्या गल्लीत, दोन घरांच्या मधे जी हातभर बोळ असते, जिथे कोणी झाडू मारत नाही कारण ती ना ह्या घराची ना त्या घराची, ती तिसरी. आणि पोळीच्या तोंडाशी गाय बांधलेली असेल, शेण तिथेच थापलं जात असेल, तर मग रक्त आणि अंड्यांची माती दोन्ही एकाच जागी, तिला अजून काय हवं. त्या फटी सिमेंटनं भरा, पोपडे काढून प्लास्टर करा, बोळ दोघांनी मिळून साफ करा, शेण घरापासून लांब न्या. कंटाळवाणं काम आहे, फॉरवर्ड करण्यासारखं नाही, पण उपाय हाच आहे.

"धुराची गाडी बोलवा." गाडी आली की पोरं मागे धावतात, सगळ्यांना वाटतं काहीतरी झालं. धूर मारतो तो त्या क्षणी हवेत उडणाऱ्या किड्याला, आणि संध्याकाळ उतरेपर्यंत आपली ही बाई भिंतीच्या फटीत असते. धूर विरला की मागे काही उरत नाही. तिला मारायचं तर औषध भिंतीवर राहिलं पाहिजे, म्हणजे ती येऊन बसली की पायाला लागेल. बिहारची गोष्ट ह्यात बघण्यासारखी आहे. तिथे काळा आजार सँडफ्लायच पसरवते (तिची जात वेगळी, आजारही वेगळा, मेसेजवाल्यांनी दोन्ही एक करू नयेत). पन्नास-साठच्या दशकात मलेरियासाठी घराघरांत भिंतींवर डीडीटी मारली तेव्हा काळा आजार जवळपास दिसेनासा झाला, फवारणी थांबली आणि सत्तरच्या दशकात तो जोरात परत आला. पुढे माश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या म्हणून दुसरं औषध आणावं लागलं. तिथे फवारणी जमिनीपासून सहा फुटांपर्यंतच करतात, कारण ती त्याच्या वर फारशी बसतच नाही.

गुजरातमध्ये २०२४ ला मॅलेथिऑन ह्या कीटकनाशकाची पावडर मारली ती ह्याच हिशोबानं, फटींमध्ये, कोपऱ्यांत, गोठ्यांत. वास येतो म्हणून लोक दार लावून घेतात, किंवा टीम गेली रे गेली की फडक्यानं पुसून काढतात, कधी लगेच चुना मारतात, मग पावडर मारून काय फायदा? पुढचे काही आठवडे त्या भिंतीला हात लावू नका. आणि हो, दुकानातून पावडर आणून स्वतः उधळू नका, रांगतं मूल सगळं तोंडात घालतं.

"मच्छरदाणी लावली की सेफ." साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आरामात आत जाते. औषध लावलेली चालते, किंवा फारच बारीक जाळीची, जिच्यात बडोद्याच्या उकाड्यात कोणाला झोप लागणार नाही. औषधवाल्या मच्छरदाण्या वाटून काळ्या आजारावर भारत-नेपाळमध्ये मोठी चाचणी झाली होती, निकाल २०१० मध्ये आला, आणि लागण म्हणावी तशी कमी झाली नाही. मूल आठ वाजता ओट्यावर खेळत असतं, मच्छरदाणीत दहाला जातं, मधल्या दोन तासांचं काय? त्यापेक्षा पंखा फुल ठेवा, वाऱ्यात तिला धड उडता येत नाही. उघड्या हातापायांना रिपेलंट लावा. पलंग भिंतीपासून थोडा ओढून घ्या, जमिनीवर गादी घालून भिंतीला चिकटून झोपायची सवय असेल तर ती ह्या दिवसांत मोडा.

फ्लॅटबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला पाहिजे. ती उंच उडत नाही, जन्मल्या जागेपासून फार लांबही जात नाही, त्यामुळे तळमजल्यापेक्षा चौथा मजला बराच बरा, आणि जास्त केसेस गावातल्या, कच्च्या घरांतल्या मुलांच्या असतात. पण पक्कं घर म्हणजे फट नसलेलं घर नव्हे. मांजलपूरकडे नवी बिल्डिंग असेल, पार्किंगच्या मागची भिंत बिनप्लास्टरची, शेजारच्या प्लॉटवर ढोरं, कंपाउंडलगत पाचोळ्याचा ढीग, आणि वॉचमनचं कुटुंब त्याच भिंतीला टेकून खोलीत राहतं. फ्लॅटवाले सेफ, आणि त्याची पोरं?

राहिला शाळेचा मुद्दा. माणसापासून माणसाला चांदीपुरा झाल्याची नोंद नाही. आजारी मुलाजवळ बसल्यानं, त्याचा डबा खाल्ल्यानं होत नाही, तेव्हा ज्या घरात केस झाली त्या घरावर बहिष्कार टाकायचा प्रकार बंद करा. सँडफ्लाय संध्याकाळी आणि रात्री चावते, शाळा दिवसा असते. मुलांना शाळेत पाठवा, आणि संध्याकाळी पोळीत खेळायला सोडताना हाफ चड्डीच्या जागी फुल पँट घाला.