अयोध्येची राजकन्या आणि गायाचे राज्य : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

इसवी सन 48 मध्ये अयोध्येची राजकन्या सुरीरत्ना समुद्रमार्गे कोरियाला गेली, तेथे गाया राज्याचा राजा सुरो याच्याशी तिचा विवाह झाला, तिने त्या देशात बौद्ध धर्म नेला आणि आजचे साठ लाख कोरियन तिचे वंशज असल्याचे डीएनए चाचणीने सिद्ध झाले आहे, असा मजकूर अनेक वर्षे आपल्याकडे फिरत आहे. अयोध्येत शरयूकाठी तिचे स्मारक 2001 पासून आहे. सुरो आणि तिला आपले पूर्वज मानणाऱ्या कोरियातील किम आणि हो घराण्यांची तिच्यावरील श्रद्धा मला आदरणीय वाटते. पण वरील मजकूर श्रद्धा म्हणून नव्हे, तर सिद्ध इतिहास म्हणून मांडला जातो, आणि म्हणूनच तो तपासला पाहिजे.

या कथेचा आधार म्हणजे इर्यॉन या कोरियन बौद्ध भिक्षूने 13व्या शतकाच्या उत्तरार्धात संकलित केलेला ‘सामगुक युसा’ हा ग्रंथ. त्यात 11व्या शतकातील एका वृत्तान्ताचा सारांश आहे. म्हणजे हा मूळ वृत्तान्तही घटनेनंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिला गेला. त्यातील सुरो आकाशातून उतरलेल्या सोन्याच्या अंड्यातून जन्मतो आणि राणी 157 वर्षे जगते. ही वाक्ये पुराणकथा म्हणून सोडून द्यायची आणि त्याच पानावरचे 48 हे वर्ष मात्र इतिहास म्हणून उचलायचे, याला कोणतीही पद्धत म्हणता येणार नाही.

सुरीरत्ना हे नाव तर त्या ग्रंथात नाहीच. तेथे राणीचे नाव हो ह्वांग-ओक आहे आणि तिचा देश ‘आयुता’ आहे. आयुता म्हणजे अयोध्या, हे मान्य केले तरी अडचण उरते, कारण गुप्तकाळापूर्वी हे नगर प्रामुख्याने साकेत या नावाने ओळखले जाई. पतंजलीच्या महाभाष्यातील ‘अरुणद् यवनः साकेतम्’ हे उदाहरण संस्कृतच्या अभ्यासकांना परिचित आहे. उलट 7व्या शतकातील ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनात अयोध्येचे नाव, ‘आयुता’ ज्या चिनी अक्षरांत लिहिले आहे, जवळजवळ त्याच अक्षरांत येते. त्यामुळे हे नाव राजकन्येच्या जहाजातून नव्हे, तर चिनी भाषेतील बौद्ध वाङ्मयातून कोरियात पोहोचले असावे, हेच मला अधिक संभवनीय वाटते.

बौद्ध धर्माविषयीच्या दाव्याचे खंडन हाच ग्रंथ करतो. राणी आली तेव्हा या देशात विहार बांधण्याची प्रथा नव्हती, आणि तिच्या स्मरणार्थ विहार उभारला गेला तो 452 मध्ये, असे त्यात नमूद आहे. कोरियातील इतर प्राचीन राज्यांपैकी कोगुर्योने बौद्ध धर्म 372 मध्ये, बेकजेने 384 मध्ये आणि सिल्लाने 527 मध्ये स्वीकारला.

सुरोच्या समाधीच्या दारावरील जोडमासे अवधच्या मत्स्यचिन्हासारखे आहेत, म्हणून तेही पुरावा म्हणून दाखवले जातात. परंतु ते दार जोसॉन राजवटीच्या काळातील (1392–1910), म्हणजे राणीच्या मानलेल्या काळाहून हजाराहून अधिक वर्षांनी अर्वाचीन आहे, आणि अवधमधील मत्स्यचिन्हाचा प्रसार प्रामुख्याने तेथील नवाबांच्या काळातला आहे.

डीएनएचा युक्तिवाद तर मुळातच चुकतो. प्राचीन सांगाड्यांतून तपासला गेलेला मायटोकाँड्रियल डीएनए केवळ आईकडून येतो, तर किम घराण्याची वंशावळ वडिलांकडून मोजली जाते. त्यामुळे एखाद्या थडग्यातील हाडांवरून आजच्या लाखो लोकांची राजकन्येशी जोडणी होऊच शकत नाही. अयोध्या हे गावही डीएनएमध्ये लिहिलेले नसते.

मला खरे दुःख याचे आहे की या कथेच्या गदारोळात गाया स्वतःच हरवते. गाया हा खरे तर कोरियाच्या दक्षिणेकडील नाकदोंग नदीच्या खोऱ्यातील छोट्या राज्यांचा समूह होता, आणि ही राज्ये लोखंडावर समृद्ध झाली होती. 3ऱ्या शतकातील चिनी इतिहासग्रंथ सांगतो की या प्रदेशाचे लोखंड घेण्यासाठी वा, म्हणजे जपानी, लोकही येत आणि बाजारात ते चलनासारखे वापरले जाई. सुरोच्या राज्याचे ठिकाण असलेल्या गिम्हेतील देसाँग-दोंगच्या थडग्यांत आणि इतरत्र लोखंडी कांबी, चिलखते व घोड्यांची साधने सापडली. गिम्हेचे राज्य 532 मध्ये आणि शेवटचे गाया राज्य देगाया 562 मध्ये सिल्लात विलीन झाले, तरी उरुक या गायाच्या संगीतकाराने घडवलेल्या संगीतपरंपरेतून गायागुम हे बारा तारांचे वाद्य आजही वाजते आहे. गाया राज्यांच्या सात थडगेसमूहांना 2023 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

भारत आणि कोरिया यांच्या प्राचीन संबंधाचा भक्कम पुरावा हवा असेल, तर सिल्लाचा भिक्षू ह्येचो पाहावा. 8व्या शतकात तो प्रत्यक्ष भारतात आला, बुद्धाशी निगडित स्थळे त्याने पाहिली, आणि त्याच्या प्रवासवर्णनाचे हस्तलिखित 1908 मध्ये चीनमधील दुनहुआंगच्या गुहेत फ्रेंच संशोधक पॉल पेलियो यांना सापडले.